पान उलटून पाहा

शास्त्रपाठ : लूक १३ : ६-९

द्राक्षमळ्यांत लावलेल्या अंजिराच्या झाडाचा जो दाखला प्रभु येशूनें सांगितला, तो आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळां वाचला जातो. आणि बहुतेक वेळां त्यांतील कुऱ्हाडच लोकांच्या ध्यानांत राहते. धनी तीन वर्षें फळ पाहावयास आला, त्यास कांहीं सांपडलें नाहीं, तेव्हां हें झाड जमीन व्यर्थ अडवितें, तोडून टाक, असें त्यानें माळ्यास सांगितलें. माळ्यानें एका वर्षाची मुदत मागून घेतली. आम्हीही तरुणपणीं ह्या भागावर उपदेश करितांना त्या कुऱ्हाडीचें वर्णन मोठें रंगवून करीत असूं. माळी काय करणार होता हें सांगावयास आम्हांस दोन वाक्यें पुरत. पुढें सावित्रीच्या कांठीं सेवा करीत असतां एका खऱ्याखुऱ्या अंजिराच्या झाडानें आमची चूक आमच्या पदरांत घातली, ती हकीकत आज आपणांपुढें ठेवितों.

महाड व पोलादपूर हे तालुके अंजिराचे नव्हेत. ज्या झाडास बेताचा पाऊस, कोरडी हवा व स्वच्छ ऊन मानवतें, त्यानें येथें काय करावें? येथें आषाढ-श्रावणांत आठ आठ दिवस सूर्याचें दर्शन होत नाहीं, आणि वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर जातो. अंजिराचा खरा मुलूख घाटावर आहे. वरंधा घाट चढून भोर ओलांडिलें कीं पुरंदर तालुका लागतो; तेथील अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरीही आपल्या वाड्यांतून एखाद्या परसांत अंजीर असतेंच. कोणी माहेराहून फांटा आणून खोंचतो, तो लागतो, दोनतीन वर्षें जोमानें वाढतो, आणि मग दर पावसाळ्याच्या शेवटीं तीच तक्रार ऐकूं येते: पानें पिवळीं पडलीं, पानें गळालीं, झाड गेलें.

आमच्या मंडळींतील एका विधवा भगिनीच्या परसांत असें एक झाड होतें. तिचें माहेर पुरंदराकडचें. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिच्या वडिलांनीं ओल्या फडक्यांत गुंडाळून दिलेला फांटा तिनें घाट उतरून आणिला होता. तिचीं मुलें त्याच सावलींत रांगलीं. २०२१ सालच्या २२ जुलैस सावित्री व गांधारी ह्यांचें पाणी महाडांत चढलें, तळिये गांवावर दरड आली, पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही डोंगर खचला. तो दिवस आपणांपैकीं कोण विसरेल? ह्या बहिणीचें घर उभें राहिलें, माणसें वांचलीं, परंतु परसांत गाळ भरला. सगळ्यांच्याच घरांत गाळ होता. परसांतला गाळ काढण्याची पाळी कोणाचीच आली नाहीं.

आम्ही तिच्या घरीं गेलों तें झाडाकरितां नव्हे. तिचा थोरला मुलगा पूर आल्यापासून उपासनेस येईनासा झाला होता. पूर्वीं तो शाब्बाथशाळेंत मुलांस गाणीं शिकवीत असे. आतां तो रविवारीं सकाळींच घरांतून बाहेर पडे व दुपारीं परत येई. कोणाशीं बोलत नसे. पंचमंडळींत त्याचें नांव निघालें, आणि सभासदांच्या वहींतून तें काढावें काय असा प्रश्न झाला. एका पंचांनीं दाखल्यांतलेच शब्द उच्चारिले: जागा अडवून ठेवण्यांत काय अर्थ? आम्हीही नाहीं म्हटलें नाहीं. निर्णयापूर्वीं आईस सांगून यावें, एवढ्यासाठीं आम्हांस पाठविण्यांत आलें होतें.

ती बाई आम्हांस प्रथम परसांत घेऊन गेली. "पाळकसाहेब, हें झाड जगेल का हो?" तिनें विचारिलें. आम्हीं पडवीच्या पायरीवरूनच पाहिलें. अर्धीं पानें पिवळीं, अर्धीं जमिनीवर, उरलेल्यांनीं माना टाकलेल्या. घाटावरच्या अंजिरांस तांबेरा येतो एवढें आम्हीं कोठें तरी वाचिलें होतें. आम्हीं सांगून टाकिलें, "बाई, हा तांबेरा आहे. तोडून टाका, म्हणजे दुसऱ्या झाडांस लागणार नाहीं." दुसरें अंजीर त्या वाडींत नव्हतेंच! तिनें मान हलविली. नंतर आम्हीं त्याच आवाजांत, त्याच घाईनें, मुलाची गोष्ट काढिली. तिच्या तोंडाकडे पाहावयाचें आम्हांस सुचलें नाहीं, ह्याची आज लाज वाटते.

दिवाळींत तिचे धाकटे भाऊ आले. त्यांस सगळी वाडी मामा म्हणते. मामांचा जन्म अंजिराच्या बागेंत गेला. आम्ही नेमके तेथें असतां त्यांनीं एक पिवळें पान तोडिलें, आमच्या हातांत दिलें, आणि म्हणाले, "पाळकसाहेब, उलटून पाहा." आम्हीं उलटिलें. खालची बाजू स्वच्छ होती. "तांबेरा असता तर येथें बारीक बारीक तपकिरी फोड दिसले असते, आणि बोट फिरविलें तर गंजासारखी पूड लागली असती. वरून सगळेंच पिवळें दिसतें."

मग ते खोडापाशीं बसले व हातानें माती उकरूं लागले. वीतभर खोल गेलें तरी गाळच. तो इतका चिकट कीं हाताला मडक्याच्या मातीसारखा लागे. त्याखालीं मूळची तांबडी जमीन होती, आणि तेथील मुळांस कुजका वास येत होता. झाडाचा श्वास कोंडला होता. मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. ती न मिळाली म्हणजे मुळें कुजतात, आणि कुजलेलीं मुळें पाणी ओढीत नाहींत. मग भोंवतीं ओल असूनही पानें तहानेल्यासारखीं लोंबतात. शेजाऱ्यांनीं दया येऊन ऑक्टोबरच्या उन्हांत रोज दोन घागरी ओतल्या होत्या. मामा म्हणाले, "बुडणाऱ्याला पाणी पाजलें."

वाचकहो, आमच्या सेवेच्या वर्षांत आम्हीं असें किती वेळां केलें असेल! जो माणूस ओझ्याखालीं बुडत आहे त्यास आम्ही आणखी एक उपदेश पाजितों. तो मान टाकून बसला आहे, म्हणून त्यास वचनाची तहान आहे असें समजतों, आणि वचनावर वचन ओतीत राहतों. त्याच्या खांद्यावर काय येऊन पडलें आहे हें उकरून पाहत नाहीं. ईयोबाच्या मित्रांचें पहिले सात दिवस चांगले गेले, कारण त्या दिवसांत ते कांहीं बोलले नाहींत.

मामांनीं त्या सुटींत आम्हांस जें शिकविलें, आणि नंतर आम्हीं विचारपूस करून जें जाणून घेतलें, तें येथें थोडें विस्तारानें सांगतों. कारण पुष्कळ घरांतून झाडें केवळ अज्ञानानें तोडिलीं जातात.

प्रथम ऋतु पाहावा. अंजीर हें पानें गाळणारें झाड आहे. थंडींत किंवा पाणी तोडिल्यावर त्याचीं पानें पिवळीं होऊन गळालीं तर घाबरूं नये. घाटावरचे बागाईत तर मुद्दाम पाणी बंद करून झाडास ताण देतात. पानें झडतात, झाड विसांवा घेतें, मग छाटणी, खत व पाणी देऊन बहार धरितात. उन्हाळ्यांत येणारा मीठा बहार असाच मिळतो. ज्यास हें ठाऊक नाहीं तो ताणावर असलेल्या बागेंत शिरला तर म्हणेल, ह्या बागेचा धनी मेला कीं काय! आमच्या ओळखीचे कांहीं जुने ख्रिस्ती असे आहेत कीं ज्यांच्या प्रार्थनेंत आतां कोणतेंच पान दिसत नाहीं. त्यांस देवानें टाकिलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

मग कोणतें पान पिवळें आहे तें पाहावें. खालचीं जुनीं पानें सरसकट पिवळीं होत असतील तर झाड उपाशी आहे; आपल्या मुसळधार पावसांत जमिनींतलें कस वाहून जातें, त्यास चांगलें कुजलेलें शेणखत हवें. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर बहुधा मॅग्नेशियमची उणीव असते. शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं व त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर झाडास लोह घेतां येत नाहीं. आपल्या तांबड्या जमिनींत लोहाची वाण नाहीं. पण भिंतीचा जुना चुना मुळांशीं पडलेला असला, किंवा पाणी सांचून राहिलें, तर जमिनींत असलेलेंही झाडास मिळत नाहीं. पानाची कडा तेवढी करपली असेल तर पाणी कमी पडलें, किंवा पाण्यांत खार आहे, असें समजावें. पान फिकें, धुळकट, व खालच्या बाजूस बारीक जाळें दिसलें तर तो कोळी होय. पाण्याचा जोराचा फवारा खालून मारिल्यास पुष्कळ काम होतें. पानांवर वेड्यावांकड्या पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उमटली व पान वांकडें झालें तर तो विषाणूचा रोग. त्यास औषध नाहीं. तो फांट्यांतून व डोळ्यांस न दिसणाऱ्या कोळ्यांतून पसरतो; म्हणून त्या झाडाचा फांटा कोणास देऊं नये. मात्र तें झाड तोडावेंच असें नाहीं. नीट पोसलें तर असें झाड वर्षानुवर्षें फळ देतें. मूळ उकरल्यावर त्यास बारीक गांठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. निंबोळीची पेंड घालावी व भोंवतीं झेंडू लावावा. खोडाच्या भोंकांतून भुस्सा पडत असेल तर आंत अळी आहे, ती तारेनें काढावी. इतकेंही करून उलगडा न झाला तर पानें व माती घेऊन कृषि अधिकाऱ्याकडे जावें. आपल्या कोंकणासाठीं दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, तेथें विचारण्यास कोणी लाजूं नये.

तांब्याची गोष्ट राहिली, तिच्याकडे येतोंच. आधीं मामांनीं झाडाचें काय केलें तें सांगितलें पाहिजे. त्यांनीं खत घातलें नाहीं. आम्हीं सुचविलें तेव्हां ते हंसले. कुजत्या मुळांशीं खत म्हणजे आजाऱ्याला मेजवानी. खोडाभोंवतींचा गाळ मूळच्या जमिनीपर्यंत काढिला, कुजलेलीं मुळें धारदार कोयत्यानें कापिलीं, उताराच्या बाजूस चर काढून पाण्यास वाट दिली, वाळलेल्या फांद्या छाटिल्या, आणि तीन आठवडे झाड तसेंच सोडिलें. मग खत. घरीं येऊन आम्हीं लूकाचा तेरावा अध्याय उघडिला. तेथेंही माळी प्रथम भोंवतीं खणणार आहे व मग खत घालणार आहे. वीस वर्षें हा भाग वाचून ह्या क्रमाकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें.

त्या खणण्याला सगळ्यांत जास्त हात कोणाचा लागला? त्या मुलाचा. मामा उकरीत होते आणि तो गाळाच्या पाट्या वाहत होता. आम्हीही धोतराचा काचा मारून फावडें धरिलें. पाळकाच्या हातास फोड आलेले पाहून तो प्रथमच हंसला. वहीबद्दल आम्हीं एक शब्द काढिला नाहीं. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं हातपाय धुतांना त्यानें आपणच सांगितलें. पुराच्या आदल्या वर्षीं त्यानें मालवाहू टेंपो घेतला होता. बँकेचें कर्ज होतें, आणि वर कमी पडलेले पैसे मंडळींतील एका बंधूनें उसने दिले होते. टेंपो पाण्यांत गेला. पहिल्याच रविवारीं देवळाच्या दारांत त्या बंधूनें विचारिलें, माझें कसें करणार? दुसऱ्या रविवारींही विचारिलें. तिसऱ्या रविवारीं हा आलाच नाहीं. रविवार उजाडला कीं तो सावित्रीच्या कांठीं जाऊन बसे. त्या उसने देणाऱ्या बंधूसही दोष देण्याचें कारण नाहीं; त्याच्या दुकानांत पुरुषभर पाणी होतें, त्यास पैशांची खरीच निकड होती. परंतु तो पंचमंडळींत बसतो, आणि वहीचा प्रश्न निघाला तेव्हां तो गप्प होता. पानाची ही दुसरी बाजू आम्हां कोणास दिसली नव्हती, कारण कोणीं पायरी उतरून पाहिलें नव्हतें.

येथें एक शंका येईल. प्रभूनें स्वतः यरुशलेमेच्या वाटेवर पानें असलेल्या पण फळ नसलेल्या अंजिरास शाप दिला, तें कसें? अंजिराची रीत अशी आहे कीं वसंतांत पानांबरोबर किंवा त्यांच्याही आधीं पहिलीं बारीक फळें दिसूं लागतात. म्हणून दाट पालवी म्हणजे फळाची ग्वाही होय. ज्या झाडानें ग्वाही दिली व आंत कांहीं नव्हतें, त्याचा तो न्याय झाला. ज्याचीं पानें गळालीं आहेत, जें आपली दुर्दशा उघडी दाखवितें, त्यास तो शाप लावूं नये. आम्हांस भय वाटतें तें आपल्या हिरव्यागार कुटुंबांविषयीं, आणि पाळकांविषयीं. आदामानें अंजिराचींच पानें शिवून नेसलीं. ज्यानें हें पान हातांत घेतलें आहे तो जाणतो कीं तें किती खरखरीत असतें, आणि देठाचा चीक अंगास लागला तर किती खाज सुटते! लपण्यासाठीं माणूस काय काय सोसतो. आणि नथनेल अंजिराखालीं बसला होता तेथें प्रभूनें त्यास पाहिलें. झाकून बसलेल्यास नव्हे, आपल्या मनांत कपट नसलेल्यास.

आतां तांबेरा. वांचलेल्या झाडास पुढल्या वर्षीं, २०२२ च्या पावसाळ्यांत, तो खरोखरच आला. आमचा जुना निदान उशिरा खरा ठरला म्हणाना! ह्या वेळीं आम्हीं पान उलटिलें आणि बोटास पूड लागली. तांबेरा ही बुरशी आहे. दमट, ढगाळ हवेंत ती फैलावते, आणि गळून पडलेल्या पानांत राहून पुढच्या पानांवर चढते. म्हणून गळालेलीं पानें रोज झाडून जाळावींत, झाडाच्या आळ्यांत कुजूं देऊं नयेत. फांद्या विरळ ठेवाव्या, म्हणजे वारा खेळतो. पानांवर पाणी शिंपडूं नये. औषध म्हणून बोर्डो मिश्रण चांगलें. श्रीवर्धनाकडील सुपारीवाले कोळेरोगासाठीं तें वापरतात, म्हणून आपल्या जिल्ह्यांत तें नवें नाहीं. फ्रान्सांत १८८५ सालीं द्राक्षांच्या रोगावर तें प्रसिद्धीस आलें. परसांतल्या झाडासाठीं शंभर ग्रॅम मोरचूद पांच लिटर पाण्यांत व शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पांच लिटरांत, वेगवेगळ्या मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवावा. लोखंडाचें भांडें घेऊं नये. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावीं. घांसलेला लोखंडी खिळा त्यांत बुडवून पाहावा. त्यावर तांब्याचा लाल लेप चढला तर आणखी चुना घालावा, नाहीं तर पानें भाजतील. मिश्रण गाळून त्याच दिवशीं संपवावें, पाऊस उघडल्यावर मारावें, पानाच्या खालच्या बाजूस विशेष मारावें. फळें पिकत असतांना मारूं नये. मुलांस व गुरांस दूर ठेवावें.

आमोसाच्या चौथ्या अध्यायांत बागांवर आलेल्या रोगाची आणि अंजिराचीं झाडें खाऊन टाकणाऱ्या टोळांची आठवण परमेश्वर आपल्या लोकांस देतो, आणि तरीही तुम्ही माझ्याकडे फिरलां नाहीं अशी त्याची तक्रार आहे. ही तक्रार सर्व प्रजेविषयीं आहे. पुरानंतर आपल्याकडे कांहीं जण दुसऱ्याच्या घरांतला गाळ पाहून म्हणाले कीं हें त्यांच्या पापाचें फळ. असें म्हणणाऱ्यांनीं त्याच तेराव्या अध्यायाच्या आरंभीं शिलोहाच्या बुरुजाखालीं मेलेल्या अठरा जणांविषयीं प्रभु काय बोलला तें वाचावें. अंजिराचा दाखला त्याच संभाषणाला लागून आहे. तो मुळीं शेजाऱ्याच्या झाडाकडे बोट दाखविण्यासाठीं सांगितलेलाच नाहीं.

पंचमंडळींत आम्हीं सगळी गोष्ट, मुलाच्या परवानगीनें, सांगितली, आणि आमचें चुकलें हेंही सांगितलें. एका वर्षाची मुदत ठरली. त्या उसने देणाऱ्या बंधूनें दारांत विचारणें सोडिलें, आणि हप्ता ठरवून घेतला. हें सगळें सुखाचें झालें असें मात्र नाहीं. झाडाची नदीकडची बाजू मेलीच. ती कापावी लागली, आणि आतां तें एका अंगानें उभें आहे. २०२३ च्या उन्हाळ्यांत त्यावर अकरा अंजिरें धरिलीं. त्यांतलीं चार पाखरांनीं नेलीं. मुलगा नाताळास आला, पण आंत न येतां दाराशीं उभा राहून गाणीं ऐकून गेला. मुदत संपली तेव्हां एका पंचांनीं वही पुढें केली. आम्हीं आणखी एक वर्ष मागितलें. त्यांनीं विचारिलें, "पाळकसाहेब, दाखल्यांत तर एकच वर्ष आहे." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आम्हीं म्हटलें कीं माळ्यानें पुढल्या वर्षीं पुन्हां मागितलें नसेल असें कोठें लिहिलेलें नाहीं. ते रागावले, पण वही मिटली. असें एकदां नव्हे, तीनदां झालें आहे.

यंदाही मृगाच्या आधीं त्या झाडाचा चर साफ करावयाचा आहे. पावसाळ्यांत तो बुजतो. त्यानें स्वतः निरोप पाठविला आहे कीं शनिवारीं सकाळीं तो घरीं असेल. ज्यांस येतां येईल त्यांनीं आपापलीं फावडीं घेऊन यावें. पाट्या त्या घरीं आहेत. त्या उसने देणाऱ्या बंधूनें एक पोतें शेणखत देऊं केलें आहे. तें तो आपण डोक्यावरून घेऊन येणार, कीं दुसऱ्याच्या हातीं पाठविणार, हें अजून कळलें नाहीं.